मधनंच पुढं घेणारी लायब्ररी

१ फेब्रु. ९९, सोमवार
नातीला, वैशूला, इंदापूरच्या डाळिंब संघाचं काम मिळालं. बारामतीच्या कंप्युटरच्या दुकानात एवढी पोरं, पण काम हिच्या एकटीवर. मला दिवसभर बसवंना. पुण्याच्या मशीनवर, म्हंजी तितल्या मोठ्या कंप्युटरवर, रोज भाव आन् मालाचे फोटो येत्यात, ते फोनच्या तारंवरनं इंदापुरात उतरवायचे. आणणारा कोड तयार मिळतो, त्याला लायब्ररी म्हणत्यात. कुठली घ्यायची त्यावर दुकानाच्या मालकाशी, तात्यांशी, वाजलं. तात्या म्हणत्यात जुनी, सगळे तीच वापरत्यात. वै. म्हणती नवी.
च्यात साखर घालायची ऱ्हायली. आमच्या ह्यांनी, आबांनी, तसाच पिला.

३ फेब्रु., बुध.
वै.नं समजावलं. जुनी दर फोटोला नव्यानं जोडती आन् तोडती. नवी एकदा जोडली की सगळं घेऊनच सोडती. मधी तुटलं तर जितवर आलं तितनं पुढं. म्हणलं, आमी मेंढरं घिऊन हिंडायचो, निम्मा कळप नदीपार झाल्यावर पाणी चढलं तर पार झालेली माघारी कोण आणतं? त्यात सासूबाईंची खोडील शेळी, तिचं तर... जाऊ द्या. "आजी, हेच," म्हणाली.

४ फेब्रु., गुरु.
आज परीक्षा घेतली. वै.च्या मैत्रिणीच्या कालेजातल्या मशीनवरनं डाळिंबाचा मोठा फोटो. आमचा आतला आन् ओसरीवरचा फोन एकाच तारंवर. फोटो निम्मा आला की आबांनी ओसरीवरचा उचलायचा. आबा तारंतली मशीनची किरकिर ऐकून म्हणत्यात, "कोण बोलतंय? जरा सावकाश." तुटलं. जुनीनं पयल्यापास्नं सुरू केलं. नवीनं वरचं निम्मं डाळिंब तसंच ठिवून खालचं आणलं. मी आबांना परत परत उचलायला लावलं. ते वैतागले, मी न्हाय.

६ फेब्रु., शनि.
इंदापूर. मीबी गेले, नवं लुगडं नेसून. संघाची माणसं जमली आन् फोन आपसूक तुटला. म्हणलं आता बगा. तर फोटो पयल्यापास्नं. वै.चं तोंड एवढंसं झालं.
मग उमगलं. पुण्याचं मशीनच जुनं. नवी बोली त्याला कळत न्हाय, म्हणून लायब्ररी त्याच्याशी जुन्यातच बोलली. आमी सगळं कालेजाच्या मशीनवर बगितलं, पुण्याला इचारलंच न्हाय.
तात्या म्हणाले, "बुधवारपतुर जुनी बसव, न्हायतर काम दुसऱ्याला देतो."
वै. म्हणाली, "तात्या, ही नवी दोन्ही बोली बोलती. जुनी बसवली तर उद्या पुणं सुधारलं तरी आपण तितंच."
"आन् मशीन बदला म्हणून पुण्याच्या त्या मशीनवाल्या सायबाला सांगणार कोण?"


७ फेब्रु., रवि.
जेवताना वै. म्हणाली, मी सांगणार. तिचा बाप म्हणला, सायब भेटायचा न्हाय. म्हणलं, मग बसू दारात, मला काय पेरणी हाय व्हय? पोरगी हसली, कालपास्नं पयल्यांदा.
दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी. सायबाच्याबी बांधल्या, बिचारा कवा जेवत असंल. लुगडं धुऊन वाळत टाकलंय. उद्या पयल्या यष्टीनं दोघी. मशीन बदलायला सायब काय म्हणतोय ते तितंच कळंल. जुनी बसवायची न्हाय, एवढं ठरलंय.