एकसर जोडणीतलं घर

आई, आज नववीच्या वर्गात तुझं उदाहरण अगदी ओठावर आलं होतं, ते मी गिळलं. विषय विजेचा होता, एकसर जोडणी आणि समांतर जोडणी. पोरं सगळी उसाच्या गावातली, त्यामुळं मी दरवर्षी पाण्यापासूनच सुरुवात करते. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, अशी एकच वाट असेल तर ती एकसर. मधे कुठं वाट तुंबली की पुढचं सगळं रान कोरडं. आणि पाटावरून प्रत्येक वाफ्याला आपापलं दार असेल तर ती समांतर. एक दार बंद केलं म्हणून शेजारच्याचं अडत नाही. उदाहरण जरा लंगडं आहे, कारण वाफा पाणी पितो आणि बल्ब प्रवाह पीत नाही, जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो. हे मी वर्गात दोनदा सांगते आणि तरी पेपरात निम्मी पोरं उलटं लिहितात. आज एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, घरात सगळं समांतरच असतंय की. मग सिरीज शिकायची कशाला?" मी म्हटलं, बटण दिव्याशी एकसरच जोडलेलं असतं, नाहीतर दिवा बंद कसा करशील? ती बसली. पण या प्रश्नाचं माझं खरं उत्तर बरंच लांब आहे आणि ते वर्गात सांगण्यासारखं नाही.

आपलं घर एकसर जोडणीचं होतं. आप्पा बाहेर सोप्यात, आम्ही दोघं भावंडं स्वयंपाकघरात आणि मधे तू. दादा आप्पांच्या समोर हातभर अंतरावर उभा असला तरी ते तुझ्याकडं बघूनच बोलायचे. मला आत्ताही दिसतंय, तू भाकरी थापतेयस, दादा दाराच्या चौकटीला टेकलाय, आणि बाहेरून आवाज येतो, "त्या बैलाला म्हणावं, परीक्षा आलीया जवळ, उंडगायचं बंद कर." तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि दादाला म्हणतेस, "आप्पा म्हणत्यात, जरा अभ्यासाला बस." दादा म्हणतो, "बसतोय म्हणून सांग." तू बाहेर तोंड करून सांगतेस, "बसतोय म्हणतोय." तिघांनीही सगळं ऐकलेलं असतं. मला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती. आपल्या गल्लीत सगळ्याच घरांत बापाशी पोरं अशीच बोलायची, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

एकदा मी ही वाट सोडली. शाळेची सहल पन्हाळ्याला निघाली होती. तू देवळात गेली होतीस, आप्पा म्हशीची धार काढत होते, मी सरळ जाऊन विचारलं आणि ते मान वर न करता म्हणाले, "जा की." एवढंच. मी नाचत आले आणि तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "मी काय मेले व्हय? माझ्याकडनं विचारायचं की." त्या संध्याकाळी तू माझ्याशी धड बोललीच नाहीस. मला तेव्हा वाटलं, तू आप्पांच्या रागाला भ्यायलीस. तसा समज होण्यात चूक नव्हती, कारण त्यांचा राग आमच्यापर्यंत निम्मासुद्धा पोचत नसे. जुन्या पंख्याचं भिंतीवरचं रेग्युलेटर आठवतं ना तुला? ते पंख्याशी एकसर असायचं. पंख्याला दाब कमी मिळायचा, तो हळू फिरायचा, आणि रेग्युलेटर मात्र हात लावू नये इतकं तापायचं. 'बैल' तुझ्याकडं यायचा आणि 'जरा' होऊन आमच्याकडं जायचा. तू किती तापत होतीस, हे आम्ही कुणी हात लावून पाहिलं नाही.

तू गेलीस आणि एक बल्ब उडाल्यावर दिव्यांची अख्खी माळ विझावी तसं झालं. मी सासरी, घरात आप्पा आणि दादा दोघंच. दादाला पुण्यात नोकरी लागली हे आप्पांना दूध न्यायला आलेल्या शेजाऱ्याकडून कळलं. भांडण झालं नाही, भांडायलासुद्धा बोलावं लागतं. आप्पांच्या शेवटच्या आजारात दादा रजा काढून आला होता. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून तो मला फोन करायचा, "आप्पांना विचार, पाणी पायजे काय." मग फोन त्यांच्या कानाला लावायचा. आप्पा मला सांगायचे, "घोटभर दे म्हणावं." मी दादाला सांगायचे, घोटभर दे. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून हे करत होते, आणि ते दोघं एका खोलीत होते. फोन ठेवल्यावर मला इतकं रडू आलं की पुढचा तास मी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला.

तेव्हा ठरवलं होतं की माझ्या घरात असं होऊ द्यायचं नाही. आणि झालं तसंच. लेक काहीही असलं की माझ्याकडं येते आणि आमचे हे, काहीही असलं की माझ्याकडं बघतात. गेल्या रविवारी ती म्हणाली, तिला इंजिनिअरिंग सोडायचंय. आजऱ्याला मैत्रिणीच्या घरचा काजूचा कारखाना आहे, तिथं राहून तिला काम शिकायचंय. "मम्मी, तू सांग ना पप्पांना. तू सांगितलंस की ऐकतात." मी म्हटलं, "तूच सांग." "आणि चिडले तर?" "चिडतील. मी घरातच हाय." तिला बाहेर पाठवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. यांचा आवाज चढला तो रस्त्यावर ऐकू जाईल असा. इतका पूर्ण दाब पोरीवर पहिल्यांदाच पडत होता. दोनदा मी दारापर्यंत गेले आणि मागं आले. मला भीती होती की एकदा ती तुटली तर पुन्हा त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही, आणि तिला पाठवणारी मीच. पण तिचा आवाज खाली गेला नाही. मग यांचा खाली आला. मग यांनी विचारलं, "ऱ्हाणार कुठं?" आणि तिनं सांगितलं.

नंतर त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, हळू चाललं होतं. कशावरून तरी दोघं हसले. तिनं बाहेरून हाक मारली, "मम्मी, दोन कप चहा टाक." मी चहा नेऊन दिला, तेव्हा ते बोलायचे थांबले आणि मी आत आल्यावर परत बोलायला लागले. काय ठरलं ते मी विचारलं नाही.

हे तुला पाठवता येणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मला जे हवं होतं ते झालं, आई, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.