बटुमीला वाळू नाही, पप्पा

प्रिय पप्पा,

जय भीम.

मराठीत लिहितेय, चुका चालवून घ्या. "मराठीत बोल, मी तुझा क्लायंट नाही," असं तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय, की इंग्लिशमध्ये लिहिलं तर तुम्ही वाचणारच नाही असं वाटतं.

तुम्ही गेल्यापासून मी काहीच लिहिलं नव्हतं. आज लिहितेय ते मम्मीमुळे. परवा ती आमच्या अरादच्या घरी राहायला आली. आम्ही दोघी सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. मध्येच तिने एकदम सहज विचारलं, "बटुमीच्या समुद्राला नुसते दगडच आहेत म्हणे, वाळू नाहीच. खरं का गं?"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. बटुमीला गेल्याचं मी तुम्हा दोघांना कधी सांगितलंच नव्हतं ना! तिला कोणी सांगितलं, विचारलं. तर म्हणाली, तुझ्या सासूने. सिद्धांत त्याच्या आईला सगळं सांगतो, त्यांनी लगेच मम्मीला फोन केला होता. आम्ही तिथे पोहोचलो त्याच दिवशी.

म्हणजे पप्पा, त्या शेवटच्या कॉलच्या वेळी तुम्हाला माहीत होतं.

मी तुम्हाला सगळं सांगायचे. शाळेतल्या मारामाऱ्या, फिजिक्समध्ये मिळालेले भयानक मार्क, सिद्धांत आवडतो हेसुद्धा मम्मीच्या आधी तुम्हाला. मग बटुमी का नाही? कारण तुमचं आणि पत्त्यांचं वैर. आपल्या घरात सापशिडी चालायची, कॅरम चालायचा, पण पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. मुहर्रकच्या बॅचलर रूममधला तुमचा जिवलग मित्र जुगाराच्या नादाला लागला, तुम्ही त्याला अडवलं आणि तो तुमच्याशी कायमचा बोलायचा बंद झाला. त्याचं नाव निघालं की तुम्ही शेवटपर्यंत टीव्हीचा आवाज वाढवायचात. अशा माणसाला कसं सांगू, की तुमची मुलगी आणि जावई जॉर्जियातल्या अशा शहरात उतरलेत जिथे एक बिल्डिंग सोडून कसिनो आहे, आणि आमच्या तर हॉटेलच्याच खाली आहे?

खरं सांगू? ते हॉटेल सी-व्ह्यूसाठी घेतलं होतं. कसिनोवाल्या हॉटेलांच्या रूम स्वस्त असतात. एवढंच कारण.

आणि या ट्रिपची सगळ्यात जास्त हौस तुम्हालाच होती! "बहरीनमध्ये गाडी गरम व्हायच्या आत देश संपतो," हा तुमचा जोक. बहरीनचा व्हिसा असला की जॉर्जियाला जाता येतं, तिथे गाडी भाड्याने घेऊन डोंगरात फिरायचं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही मॅप मोठा करून बघत बसला होतात. मग तुमच्या लक्षात आलं, सिद्धांत गाडी शिकला इथे. सपाटीवर. घाट त्याने बापजन्मात चालवलेला नाही. झालं! शुक्रवारी सकाळी त्याला घेऊन आपल्या एकुलत्या एका टेकडीवर, जबल दुखानला. वर, खाली, परत वर. "साहेब, उतारावर ब्रेकवर उभे राहू नका, गिअरमध्ये ठेवा." जावयाला साहेब म्हणून शिव्या घालणं फक्त तुम्हालाच जमायचं. तो घामाघूम, मी मागच्या सीटवर हसतेय, आणि मम्मी खाली सावलीत बसून संत्री सोलतेय.

पप्पा, त्या घाटात खरंच कामाला आलं ते. धुकं, वळणं, रस्त्यात मध्येच गाई. प्रत्येक उतारावर सिद्धांत पुटपुटायचा, "गिअरमध्ये, साहेब, गिअरमध्ये."

हे तुम्हाला समोर बसून, ॲक्टिंग करून सांगायचं होतं. बटुमीचंसुद्धा तसंच. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही गप्प झाला असतात आणि माझी उरलेली ट्रिप त्या गप्पपणात गेली असती. समोर असले की मी तुम्हाला हसवू शकते, हा माझा कॉन्फिडन्स. म्हणून ठरवलं होतं, एअरपोर्टवर तुम्ही घ्यायला याल तेव्हा गाडीतच सांगून टाकायचं.

आता इथेच सांगते. हो, आम्ही आत गेलो होतो. दारात पासपोर्ट बघितले, फोटो काढले. आतमध्ये खिडकी नाही, घड्याळ नाही. एक आजी मशीनचं बटण एका बोटाने दाबत होत्या, सारख्या, अगदी मम्मी लिफ्टचं बटण दाबते तशा. जिंकल्या तरी चेहरा तोच, हरल्या तरी तोच. सिद्धांत माझ्या कानात म्हणाला, "हे तर आमच्या ऑफिससारखंच आहे. सगळे स्क्रीनकडे बघतायत आणि खूश कोणीच नाही." आम्ही काहीच खेळलो नाही. फुकट मिळालेलं हिरवं सरबत प्यायलो, ते खोकल्याच्या औषधासारखं लागत होतं, आणि बाहेर येऊन दगडांवर बसलो. बस. हेच ते माझं भयंकर सिक्रेट! तुम्ही हसला असतात. मला खात्री आहे.

आता तो कॉल.

शुक्रवार होता. समुद्र दिसू नये म्हणून मी रूमचा पडदा ओढला, भिंतीला चिकटून बसले, फोन इतका जवळ धरला की माझं नाकच दिसत असेल. तुमच्याकडेही तेच. नुसता चेहरा, मागे फिकट हिरवी भिंत.

"कुठे आहात?"

"डोंगरातच आहोत पप्पा. छोटंसं गाव आहे, गेस्टहाउस आहे."

"थंडी आहे का?"

"खूप."

"मग स्वेटर घाल," तुम्ही म्हणालात, आणि हसलात.

ते हसू मी तेव्हा तसंच घेतलं. तुम्हाला माहीत होतं की मी समुद्राच्या काठावर एसी लावून बसलेय, आणि तरी तुम्ही मला स्वेटर घालायला सांगत होतात. पप्पा!

मी विचारलं, तुम्ही कुठे? तर म्हणालात, प्लांटला. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी? "अगं शटडाऊन आहे ना." मी मान डोलावली. हिद्दच्या प्लांटचं शटडाऊन, म्हणजे मशिनरी बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्ती, मी लहानपणापासून ऐकतेय, त्यात शुक्रवार काय आणि ईद काय. ती हिरवी भिंत मला पँट्रीची वाटली.

हॉस्पिटलची होती. आदल्या दिवशीपासून तुमच्या छातीत दुखत होतं. मम्मी फोनच्या मागे उभी होती, तुम्ही तिला हाताने गप्प राहायला सांगत होतात. "पोरीची सुट्टी खराब होईल," म्हणालात तिला.

दर पौर्णिमेला आपल्या हॉलमध्ये सगळ्यांसोबत पंचशील म्हणायचो आपण. खोटं न बोलण्याचं शील आपण दोघांनी एकाच कॉलवर मोडलं. फरक एवढाच, तुम्ही माझं पकडलं होतंत आणि मी तुमचं नाही. हे फेअर नाही, पप्पा.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आजोबा गेले तेव्हा काकांनी तुम्हाला लगेच कळवलं नव्हतं. तुमचं शटडाऊन चालू होतं, रजा मिळणार नाही, उगाच जीव जाळेल, असं म्हणून नांदेडला सगळ्यांनी ठरवून टाकलं. काम संपल्यावर तुम्हाला कळलं. तुम्ही मला सांगितलं होतंत, "माझा बाप गेला होता आणि मी इथे मेसमध्ये बिर्याणी खात होतो." काकांना तुम्ही ते कधी माफ केलं नाहीत.

आणि तुम्ही माझ्याशी तेच केलंत? तुम्ही? गल्फमध्ये सगळे असंच करतात हे मलाही माहितीये. सुट्टीवरच्या माणसाला सांगायचं नाही, शिफ्टवरच्याला सांगायचं नाही, तिकीट काढून झालं की सांगू. पण यात काय होतं हे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तिथून निघाले असते. तुम्ही जागे असताना पोहोचले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मीचा फोन आला तो सिद्धांतला, मला नाही. तेव्हाच मी समजले. सगळा घाट उलटा चालवून एअरपोर्टला आलो, आणि बहरीनला उतरेपर्यंत खलास, तुम्ही गेला होतात.

मग तुम्हाला नांदेडला नेताना आपण एकाच विमानात होतो. मी खिडकीशी, तुम्ही खाली कार्गोत. आपली शेवटची ट्रिप.

परवा मम्मीला मी रागानेच विचारलं, माहीत होतं तर पप्पा कॉलवर बोलले का नाहीत? एकदा ओरडले असते तरी चाललं असतं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, विचारा तिला. तर म्हणाले, नको. येऊ दे. तिच्या पोटात काही राहत नाही, आली की स्वतःच सांगेल."

तुम्ही माझी वाट बघत होतात. मी गाडीतल्या गप्पांची वाट बघत होते. कोणी एकाने तरी आधी तोंड उघडायला हवं होतं ना, पप्पा?

मम्मीचा व्हिसा तुमच्या नोकरीवर होता, तो आता संपतोय. पुढच्या आठवड्यात ती नांदेडला काकांकडे राहायला चाललीय. काल ती मला म्हणाली, "माझी काळजी करू नको, मी एकदम ठीक आहे." मी नेहमीसारखं "मी पण" म्हणणार होते. पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, "मम्मी, मी ठीक नाहीये. मला झोप लागत नाही. ऑफिसमध्ये वॉशरूममध्ये जाऊन रडते." मग ती म्हणाली, "मला रोज सकाळी दोन कप चहा टाकायची सवय जात नाही. एक ओतून देते." आणि मग आम्ही दोघी बोलत राहिलो, सिद्धांत ऑफिसमधून येईपर्यंत. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून हे प्रॉमिस. मम्मी तिथे आणि मी इथे असले तरी, तिला काही झालं तर मला त्याच तासाला कळणार, मी सुट्टीवर असो नाहीतर मीटिंगमध्ये. माझं काही बिघडलं तर तिलाही. काकांना मी काल स्वतः फोन करून हे सांगितलंय. ते म्हणाले, "तुझ्या बापाला तेव्हा सांगायला पाहिजे होतं मी." आजोबांनंतर इतक्या वर्षांनी, पप्पा. तुम्हाला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

तुमची, पोटात काही न ठेवणारी,

मितू