छत्तीसचे साठ

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप अण्णांस,
धाकट्या शांताचे सा. शरणार्थ, वि. वि.

पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या आंतरदेशीयावर तुम्ही सहाच ओळी लिहिल्यात. बहिणीशी बोलतानाही आता शब्द मोजता की काय?

वहिनी गेल्यापासून कोडोलीच्या घरात तुम्ही एकटे आणि इथं या खोलीत मी. घरमालकीण बाळाबाई रोज विचारतात, कुणाचं पत्र आलं का म्हणून. तुमच्याशिवाय कुणाचं येणार? रविवारी आमची गूळ तपासायची प्रयोगशाळा बंद असते. त्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला गेलं की घसा खाकरावा लागतो.

गुळाचा रंग यंत्राला कसा कळतो, असं विचारलंत. गूळ पाण्यात विरघळवायचा, गाळायचा आणि काचेच्या नळीत भरायचा. नळीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला काटा. नुसत्या पाण्यातून येणारा उजेड शंभर धरला, तर गुळाच्या पाण्यातून किती येतो ते काटा दाखवतो. गंमत म्हणजे हा उजेड वजाबाकीनं कमी होत नाही. एका बोटभर थरानं निम्मा खाल्ला, तर दुसरं बोट उरलेल्यातला निम्मा खातं आणि तिसरं त्यातला निम्मा. तुमचा गेल्या हंगामातला गूळ छप्पन्न भरला होता. साहेबांनी हा गूळ करणारा गुळव्या कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी मान वर करून सांगितलं, माझा थोरला भाऊ.

तब्येतीला जपा. माया आहेच, पण ओळी वाढवा.

तुमची,
शांता

कोडोली
२१ नोव्हेंबर १९७३

चि. शांतास मल्लाप्पाचे अनेक आशीर्वाद.

शब्द मोजत न्हाय, अक्षर मोठं काढतोय. बारीक काढलं की ओळ ओळीवर चढती.

तुझं बोटाचं गणित करून बघितलं. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा पिवळा कागद उरला हुता. त्याचे तुकडे केले आणि दाराच्या उजेडासमोर एकावर एक धरले. मग एकेक डोळा झाकला. उजव्या डोळ्याला दार जसं दिसतं, तसं डाव्याला तीन कागद धरल्यावर दिसतं. म्हणजे उजव्यात तीन कागद बसलेत. डाव्यातबी एखादा असंल, पण त्याचं माप घ्यायला तिसरा डोळा कुठनं आणू?

रस उकळला की काहिलीत मळी वर येती. दिसंल तेवढी काढायची. दिसली न्हाय ती गुळात जाती आणि गूळ काळा पडतो. गुऱ्हाळाचा मालक बाळासो अजून काय बोलल्याला न्हाय. पण परवा त्यानं झारा माझ्या हातातनं घेतला आणि गप दोनदा फिरवला. मी बघितलं न्हाय असं केलं.

यष्टीच्या कंडक्टरकडं डब्यातनं गूळ धाडलाय. आकडा कळव. पन्नासच्या खाली आला तर काम सोडून मिरजेच्या दवाखान्यात डोळं दाखवतो. वर आला तर हंगाम काढतो. खरं सांगू? गुऱ्हाळावर चार माणसांत असतो. ऑपरेशन करून, डोळं बांधून रिकाम्या घरात बसायचं म्हटलं की जीव घाबरा होतो. पण यंत्राला भाऊबहीण न्हाय, ते सांगंल तसं करीन.

माया हाय तशीच असू दे.

मल्लाप्पा

कोल्हापूर
२८ नोव्हेंबर १९७३

ती. अण्णांस सा. शरणार्थ.

डबा मिळाला. आकडा साठ आला. उगीच मनाला लावून घेऊ नका, चष्म्याचा नंबर बदलला असेल. आज कामाची घाई आहे म्हणून एवढंच.

तुमची,
शांता

कोल्हापूर
६ जानेवारी १९७४

ती. अण्णांस सा. शरणार्थ, वि. वि.

सव्वा महिना तुमचं पत्र नाही. काल तुमच्या गुऱ्हाळावर चुलवाण पेटवणारा जोतीराम भेटला. गुळाच्या सौद्यात काय झालं ते त्यानं सांगितलं. तुमच्या गुळाच्या रव्यांना, त्या ढेपांना, व्यापारी काळे म्हणाले आणि तुम्ही भर बाजारात ओरडलात, की माझ्या बहिणीच्या यंत्रात साठ आलाय, तुमच्या डोळ्यांत खोट हाय. लोक हसले म्हणे. बाळासोनं दुसऱ्या दिवशी दुसरा गुळव्या आणला.

अण्णा, खोट माझ्यात आहे. तुमचा गूळ छत्तीस भरला होता. मी ठरल्याच्या निम्माच गूळ घेऊन पुन्हा पाणी केलं. पहिला निम्मा गूळ शंभरचे साठ करतो आणि दुसरा निम्मा त्याच हिशोबानं साठाचे छत्तीस; म्हणून तेवढ्याच नळीत निम्मा गूळ असला, की छत्तीसचे साठ होतात. काट्यानं खरं सांगितलं. मी त्याला भलतंच विचारलं.

तुम्हाला एकटं बसायची भीती वाटते असं वाचलं, आणि ती भीती मला रोजची ठाऊक आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. तुमच्या डोळ्यांवर पट्टी आली, की मला पत्र लिहिणारं कुणी उरणार नाही, असंही मनात आलं. तुम्ही ज्या मजुरीवर मला बी. एस्सी. केलंत, ती मी या स्वार्थापायी घालवली. महिना गेला तो गेलाच, त्यात डोळे किती गेले कोण जाणे.

रागवा, पण लिहा.

शांता

कोडोली
११ जानेवारी १९७४

चि. शांतास आशीर्वाद.

साठ वाचला तवाच कळलं हुतं. डोळं धड हुते तवाबी माझा गूळ छप्पन्नच्या वर गेला न्हाय. आता तीन कागदांतनं बघून साठ कसा येईल? एवढं कळायला बी. एस्सी. लागत न्हाय. पण आकडा गोड लागला. दोनदा वाचला आणि उशाला ठेवला. बाजारात वरडलो तवाबी माहीत हुतं, म्हणून तर एवढ्या मोठ्यानं वरडलो. तवा सगळं तुझ्या अंगावर घिऊ नको. निम्मं माझं हाय.

बाळासो वाईट न्हाय. डोळं बरं करून या, झारा तुमचाच, असं म्हणाला. खरं का खोटं, हंगाम सांगंल.

संक्रांत झाली की बुधवारी पहिल्या गाडीनं येतोय. रजा काढ, मिरजेला दोघं जाऊ. पट्टी सुटंपर्यंत तुझ्या खोलीवर राहीन. बाळाबाईंना विचारून ठेव, म्हातारा घोरतो हेबी सांग. तवर पत्र येणार न्हाय आणि त्याची गरजबी पडायची न्हाय.

स्टँडवर गर्दी असती. मी तुला लांबनं वळखणार न्हाय, तू समोर आलीस तरी कदाचित न्हाय. तवा गप उभी राहून माझी वाट बघू नको. माया असंल तशी असू दे, पण हाक मोठ्यानं मार.

मल्लाप्पा