सकाळचंच रीडिंग

प्रिय राव मामा,

आज रविवार. नुंगंबाक्कमच्या आमच्या लेडीज हॉस्टेलात सगळ्या पोरी जेवून पंख्याखाली आडव्या झाल्यात आणि मी तुम्हाला पत्र लिहीत बसलेय. उद्या दहा वाजता चौकशी समितीपुढे माझा जबाब आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायलाच हवं, कारण जे सांगायचंय त्यातलं अर्धं तुमचं आहे. आणि ते कोणाला सांगणार नाही असा शब्द मी तुम्हाला दिलाय.

परवा तुमचं तेरावं झालं. मी तिरुवल्लिकेणीला तुमच्या घरी गेले होते. पानं उचलून झाल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि विचारलं, "शुभा, खरें सांग. ते दोघे फिटर वासानेच पळाले म्हणतात. मग एवढें नाक असलेला माणूस कां नाहीं पळाला?"  

मणलीच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी आले तेव्हाची माझी अवस्था आठवतेय? साताऱ्याची पोर, तमिळचा एक शब्द येत नाही, आणि कंट्रोल रूममध्ये सगळे कडाकडा तमिळ बोलतायत. बाथरूम कुठंय हेसुद्धा विचारता येईना. तेवढ्यात मागून आवाज आला, "जेवलीस कां गे?" मी ताडकन वळले! तंजावरहून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आणलेली तुमची ती मराठी, चाल सगळी तमिळची. मला हसूही आलं आणि रडूही आलं. इंजिनियर मी, ऑपरेटर तुम्ही, पण त्या दिवसापासून तुम्ही माझे मामा झालात.

आपण गॅस धुतो असं मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "गॅस काय धुतात का कुणी?" खताच्या कारखान्यात भट्टीतून येणारा गॅस घाण घेऊन येतो, त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो. तो टॉवरमधून वर चढतो, वरून उणे चाळीसपर्यंत गार केलेलं मेथॅनॉल पडतं आणि ते विष स्वतःत घेतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं. समजलं मात्र तुमच्यामुळे. गेटसमोरच्या टपरीवरून तुम्ही दोन गोळी सोडे घेतलेत, एक बर्फातला, एक उन्हातला. गारवाला मुकाट्याने उघडला. उन्हातला माझ्या ड्रेसवर! तुम्ही पोट धरून हसलात आणि म्हणालात, "पाहिलेंस? थंड आहे तोंवर धरून ठेवतें. ऊन लागलें कीं सगळें ओकतें." एवढं नीट शिकवलं होतंत, मामा. मग आपण दोघं कसे विसरलो?

तुमचं नाक म्हणजे कारखान्याची शान. गॅसचा मीटर वाजायच्या आधी तुम्ही सांगायचात, पाइपच्या कुठल्या जोडातून गळतंय ते. सगळे तुम्हाला मूक्कु सार म्हणायचे, नाकवाले साहेब. मी तर चिडवायचे, "मामा, नाकाचा विमा उतरवलाय का नाही?"

आणि मग तो साथीचा ताप आला. तुम्ही बरे होऊन कामावर आलात, पेढे वाटलेत. काही महिन्यांनी कँटीनमध्ये दूध पार करपलं होतं. पहिल्याच घोटाला सगळ्यांनी तोंडं वाकडी करून कॉफी खाली ठेवली. तुम्ही मात्र टंबलर रिकामा केलात आणि वर म्हणालात, "आज कापी छान झाली!" मी तुम्हाला जिन्यात गाठलं. आधी उडवाउडवी केलीत, मग पायरीवर बसलात. तापानंतर वास गेला तो आलाच नाही म्हणालात. चवही गेली. "सांगूं नको गे कोणास. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलें. स्टोअरांत बसवतील मला, खिळे मोजायला." डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. मी शब्द दिला.

का दिला? तुम्ही लाडके होतात म्हणून. हे काय कारण झालं? ज्याला विष हुंगता येत नाही अशा माणसाला मी वर्षभर विषाच्या पाइपांमध्ये फिरू दिलं, आणि त्याला माया म्हणत राहिले!

मला तुमचा रागही येतो, मामा. रोज सांगायचे ना मी, खिशातला मीटर लावल्याशिवाय पंपांकडे जायचं नाही म्हणून? तुम्ही गेलात त्या दिवशीही तो चार्जरवर लटकत होता. जाताना का नाही घेतलात? कोणाला दाखवायचं होतं की मूक्कु सारना मीटर लागत नाही?

पण राग तुमच्यावर काढून मी सुटत नाही. काम सुरू करायच्या परवानगीवर, परमिटवर, सही माझी होती.

पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी साफ करायची होती. सकाळी नऊला आपण दोघं गेलो, मीटरने तपासलं, शून्य. येणारच शून्य! गाळणी बर्फाने पांढरीफटक होती, आतलं उरलंसुरलं मेथॅनॉल गार होतं. फिटर दुसऱ्या कामात अडकले आणि काम जेवणानंतरवर गेलं. आता नियम काय? नवं परमिट, नवं रीडिंग. आणि आपली पद्धत काय? सकाळचंच रीडिंग उतरवायचं, वेळ तेवढी बदलायची. सगळ्या शिफ्टमध्ये हेच चालतं. उन्हात कोण पुन्हा जाणार?

तुम्ही वॉकीटॉकीवर म्हणालात, "आत्तांच तिकडून आलों. वास इल्ले गे. लिही शून्य."

वास नाही! मामा, जगात एकच माणूस होता ज्याला त्या वाक्याची किंमत माहीत होती, आणि ती मी होते. तरी मी एसीत बसून शून्य लिहिलं. तेव्हा तुमचं नाक माझ्या डोक्यातही आलं नाही, हे सांगितलं तर कोणाला पटेल? सवय लागली होती तुमच्यावर विश्वास ठेवायची. मी सही केली आणि डबा उघडला.

बाहेर मे महिन्याचं ऊन. गाळणीवरचा बर्फ केव्हाच उतरला होता, आत तळाशी राहिलेलं मेथॅनॉल तापत होतं. फिटर हत्यारं घेऊन येईपर्यंत तुम्हाला धीर धरवला नाही. तुम्ही एकटेच पुढे झालात, बोल्ट सैल केलेत आणि वाकून आत पाहिलंत. मागून येणारे दोघे दहा पावलांवर वासाने थबकले, ओरडले, उलटे पळाले. मास्क लावून परत येईपर्यंत तुम्ही पालथे पडला होतात.

मॅनेजरसाहेबांनी गुरुवारी मला केबिनमध्ये बोलावलं. जबाब टाइप करून तयार होता. रीडिंग दोन वाजता घेतलं, शून्य आलं, राव यांनी मास्क न लावता परस्पर काम सुरू केलं. "सही पोडु मा," म्हणाले, सही कर. मी म्हटलं, "सर, फिटर पळाले आणि मामा का नाहीत, असं विचारलं तर?" तर म्हणे, "तो गॅस जास्त झाला की नाक बधिर होतं, सगळ्यांना माहीत आहे. माणूस गेला मा. त्याला आता काय फरक पडतो? तुझं आयुष्य आहे पुढे."

नाक बधिर होतं हे खोटं नाही, पुस्तकात आहे. समितीला चालेल. मामींनाही कदाचित चालेल. मी तो कागद घेऊन आले, मामा. सही करणार होते. तुमचं गुपितही राहील, माझी नोकरीही राहील, असा हिशेब मी मनात मांडला होता. तुम्हाला दिलेला शब्द पाळायचाय म्हणून गप्प राहते, असंही स्वतःला सांगून झालं. किती सोयीचा झाला होता तुमचा शब्द!

पण परवा मामींनी दार लोटल्यावर नुसतं विचारलं नाही. पुढे बोलल्या. "त्या दिवशीं सकाळीं आमचें भांडण झालें. सांबार आंबलें होतें, मला ठाऊक नव्हतें. ह्यांनीं दोनदां वाढून घेतलें, एक शब्द नाहीं. मीं चाखलें तर थू! मग मला राग आला. वर्षभर पाहतें आहें, काय वाढलें काय नाहीं, लक्षच नाहीं. मीं म्हटलें, तुम्हांस आतां कशांतच जीव नाहीं, जगतां कशाला?" मग माझा हात धरला. "तें ऐकून गेले, शुभा. वास आला, तरी तिथेंच उभे राहिले. हो ना?"

ऐकलंत, मामा? त्या बाईला वाटतंय की तुम्ही तिच्या बोलण्याने मेलात. तेरा दिवस ती हे एकटीच गिळून बसलीय. आणि आपलं गुपित काय, तर मूक्कु सारना वास येत नव्हता! असलं कसलं हो गुपित, ज्याच्यासाठी बायकोला असं जगावं लागतं? तिला का नाही सांगितलंत? तिने काय तुम्हाला खिळे मोजायला बसवलं असतं?

मी त्या वेळीही बोलले नाही. घाबरले. बाहेर पाहुणे होते असं म्हणू शकते, पण खरं म्हणजे घाबरले. नाकाचं सांगितलं की त्या विचारणार, तुला माहीत होतं? आणि मग परमिट कोणी दिलं?

तर विचारू देत.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडतेय. रागवायचं तर रागवा. उद्या दहाची चौकशी आहे, मी आठला तिरुवल्लिकेणीत मामींच्या दारात असेन. समितीच्या आधी त्यांना सांगेन, मामी, तुमचं सांबार मामांना कळलंच नाही हो. वासही नाही, चवही नाही, दीड वर्ष. ते मरायला गेले नव्हते, मामी, गाळणी साफ करायला गेले होते. तुम्ही नाही मारलंत त्यांना. दोन वाजताचं रीडिंग कोणी घेतलंच नव्हतं, ते मी लिहिलं. मामींनी मला घराबाहेर काढलं तरी तेच दहा वाजता पुन्हा सांगेन, आणि सही त्याच्याखाली करेन.

तुमची,
शुभांगी