दुसरी सही

३ जून
अंगठा दिला असता तरी चाललं असतं, म्हणे. धाकटी जाऊ, तेही घरमालकासमोर. एकट्या बाईला मालक खोल्या भाड्याने देईना, सोबत कोणाची तरी सही हवी. म्हणून मी गेले. पाच मिनिटं लावून सही केली, वेलांट्यांसकट. त्याचं हे बक्षीस. एजंटसुद्धा हसला. लक्षात ठेवलंय.

४ जून
नात विचारते, न वाचता सही केलीस? म्हटलं, राहणार ती, वाचेल ती. माझी खाली आहे, दुसरी. दुसरी सही शोभेची असते. नातीने कपाळाला हात लावला. कॉलेजात एवढंच शिकवतात.

११ जून
सापडली. जाऊ त्या खोल्यांत शिलाईचा धंदा करते. भिंतीभर खिळे, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज टांगायला. घरात धंदा नको, असं करारातच आहे. नातीकडून वाचून घेतलं. पुढचं पान वाचू का, म्हणाली. म्हटलं, माझं काम झालं.

१२ जून, सकाळी
मालकाला फोन. नाक दाबून. शेजारीण बोलते म्हटलं. कायदा म्हणजे कायदा, सही केलेल्याला सोडू नका. तो म्हणाला, एकालाही सोडत नाही. सज्जन माणूस.

१९ जून
अजून हालचाल नाही. परत फोन. खिळ्यांचे फोटो काढा म्हटलं. सगळं शिकवावं लागतं.

२५ जून
नोटीस निघाली. आता जाऊ रडत येईल. मी शांतपणे विचारणार, सही देऊ की अंगठा? आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. छान बसतं.

२६ जून
नोटीस मलाही आली. नातीने ते पुढचं पान वाचलं. जबाबदारी दोघींची सारखी. एकीने टाळलं तर दुसरीने निस्तरायचं. पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या, भोकं बुजवून, भिंती रंगवून. नात म्हणाली, शोभा झाली खरी.

२८ जून
जाऊ आली. रडली नाही. मशीन घेऊनच आली. कुण्या सटवीने चुगली केली, म्हणाली, अक्का, तुमच्याशिवाय मला कोण आहे? पाठ केलेलं वाक्य गिळलं. मशीन माझ्या खाटेला लागून ठेवलंय. पहाटे पाचला सुरू होतं.

९ जुलै
दोन भिंती तिने रंगवल्या, दोन मी. गुडघे गेले.

१० जुलै, दुपारी
मालकाला रंग पसंत नाही. संध्याकाळी इथे बोलायला येतोय. जाऊला म्हणाला, त्या शेजारणीचा आवाज पुन्हा कानावर पडला तर झोपेतही ओळखेन.
मला आजपासून घसा बसलाय. बेल वाजली की दार जाऊने उघडायचं, बोलायचंही तिनेच. पहिली सही तिची आहे.