बाबांना वास आला

ती. वन्संना वाकून नमस्कार, भावोजींना लांबूनच (त्यांची सर्दी गेली असेल तर जवळून). तुमचे गुडघे कसे आहेत? इकडचे सगळे गुडघे ठीक आहेत.

नाकाचं मात्र तुम्हाला ठाऊकच आहे. त्या तापानंतर बाबांच्या नाकाने रजा घेतली, ती घेतलीच. लग्नापासून माझ्या प्रत्येक भाजीत खोट काढणारे तुमचे वडील करपलेली भाजी खाऊन "छान झालंय" म्हणू लागले, आणि वन्सं, घर हादरलं हो. डॉक्टर म्हणाले, वास येईल किंवा येणार नाही. (एवढं आम्हालाही कळत होतं.)

म्हणून तुमच्या बंधुराजांनी रविवारी आम्हाला नर्सरीत नेलं. काय ती ऑर्किडं! मुळं हवेत लोंबताहेत, मातीचा कण नाही आणि तोरा राजघराण्याचा. एक हुबेहूब मधमाशीसारखं. खरी मधमाशी फसून त्याच्याशी संसार मांडायला जाते म्हणे. (असे संसार मी पाहिलेत.) एकाला चक्क चॉकलेटचा वास! बाबांनी नाक लावलं, थांबले, आणि म्हणाले, "छान आहे." आमचे चेहरे पडले.

नर्सरीवाल्या बाईंना दया आली असावी. म्हणाल्या, "पलीकडच्या वनस्पती उद्यानात काचघरात एक फूल उमललंय. कित्येक वर्षांनी उमलतं, दोन दिवसांत मिटतं. बघाच. फक्त जेवून जाऊ नका."

वन्सं, ते फूल माझ्यापेक्षा उंच होतं! उलटा धरलेला झालरीचा घागरा, आतून काळपट लाल, मधोमध खांब. माळी म्हणाला, हे सुरणाच्या कुळातलं. त्या कुळात एवढं कोणी कर्तबगार निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी चपला काढायचीच बाकी होते. तेवढ्यात वास आला. मेलेले उंदीर, कुजलेले मासे, सगळं एकत्र. लोक पदर, रुमाल, हाताला येईल ते नाकाला लावून पळाले. तुमचे बंधुराज बाहेर कुठल्या कुंडीवर ओणवे झाले ते लिहीत नाही.

बाबा मात्र कठडा धरून उभे. नाकपुड्या फुगल्या. पुन्हा फुगल्या.

"सूनबाई, इथे काहीतरी मेलंय."

"हो बाबा."

"अगं, मला वास येतोय! शी! काय घाण आहे गं!" आणि लहान मुलासारखे हसत हसत रडायला लागले. मीही. माळ्याने बाहेरची रांग थोपवून धरली, आणि आम्ही दोघं ती घाण छाती भरभरून घेत राहिलो. इतकी वर्षं तपश्चर्या करून ते फूल घाणीवरच्या माशांना बोलवत होतं, आणि आले बाबा.

आता रोज एखादा वास परत येतो. सोमवारी साबण, काल ओली माती. आज ताट सारून म्हणाले, "हे काय करून ठेवलंयस?" मी आत जाऊन आनंदाने रडले.

तुमची,
भावजय

ता. क. बाबांनी येताना त्याच गुणाचं एक छोटं रोप आणलंय. चांदणीसारखं केसाळ फूल येतं, वास कुजक्या मांसाचा. कळी टम्म फुगली आहे. तुमची गॅलरी मोठी आणि हवेशीर, म्हणून विचारते, थोडे दिवस ठेवून घ्याल का?

ता. क. २. विचारायला जरा उशीर झाला. बंधुराज गाडीच्या चारही काचा खाली करून तुमच्याकडे निघालेत. मागच्या सीटवर बाबा आहेत, कुंडी मांडीवर घेऊन.