सावळीचा लेझर बंद पडू नये म्हणून

मी, कमळाकर नामा विशे, वय एकोणपन्नास, धंदा भातशेती, शिक्षण धसईच्या शाळेत दहावीपर्यंत, राहणार शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्यामागे कोणाला अंदाज बांधत बसावे लागू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती मार्गशीर्षात मुंबईला बदलायची आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणतात. देवावर आणि डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, तरी कागद झालेला बरा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. शेणव्याचे राहते घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. ते माझी पत्नी डॉ. सावळी हिला पूर्ण मालकीने मिळावे. आम्हाला मूल नाही. तेवढ्यावरून तिने धसईला माहेरी जावे असे कोणी सुचवू नये. भात साठवायच्या खोलीच्या खिडकीला आतून काळा रंग दिलेला आहे, तो खरवडू नये. लग्नानंतर तिने तिथेच आपला पहिला लेझर लावला होता, बोटाएवढा, तांबड्या उजेडाचा. माझी आई हिराबाई दारात उभी राहून म्हणाली, "गो, एवढ्याशा उजेडाला एवढा काळोख?" सावळी म्हणाली, "आई, काळोख नीट केला तरच उजेड दिसतो." आईने त्या दिवसापासून त्या खोलीत रॉकेलची चिमणी नेली नाही.

२. माझा धाकटा भाऊ शेखर नेहमी विचारतो, "वैनी मुंबईला करते तरी काय?" ते इथे लिहून ठेवतो. प्रकाश धारेने येतो असे आपल्याला वाटते, पण तो दाण्यादाण्याने येतो. सावळी तो इतका मंद करते की एका वेळी एकच दाणा यावा. मग लेझरनेच थंड केलेल्या अणूंच्या ढगात तो दाणा क्षणभर थांबवायचा आणि होता तसाच परत सोडायचा. प्रकाश याआधीही लोकांनी थांबवला आहे. ते तीच आधी सांगते, नसलेला मोठेपणा घेत नाही. तिला तो अधिक वेळ आणि अधिक शुद्ध थांबवायचा आहे. वीस वर्षे ती याच्या मागे आहे. निम्मा वेळ आरसे केसभर सरकवण्यात जातो, बाकीचा आपले कुठे चुकले ते शोधण्यात. मी रोज देवापुढे बसतो, पण इतका धीर माझ्या भक्तीत नाही.

३. तिच्या बांगड्यांविषयी. लेझरची तिरीप चकाकत्या वस्तूवर पडली तर उलटून कोणाच्याही डोळ्यात जाऊ शकते. म्हणून ती प्रयोगशाळेच्या दारात बांगड्या, मंगळसूत्र, अंगठी उतरवते. एकदा ते घालायचे राहिले आणि ती तशीच घरी आली, तेव्हा गावात बोलले गेले, "नवरा जिता असताना बांगड्या काढते." शेखरने मला पारावर सगळ्यांदेखत विचारले, "दादा, तू हायस ना रे अजून?" लोक हसले. मीही हसलो, पण विसरलो नाही. ज्या बांगड्या ती दुसऱ्यांचे डोळे जपण्यासाठी उतरवते, त्या माझ्यामागे कोणी फोडू नयेत. कुंकू पुसू नये. तिला वाटेल ते ती करील.

४. ओढ्याकाठच्या शेतातला माझा हिस्सा शेखरला द्यावा. पारावरची गोष्ट लक्षात असूनही देतो, कारण भात तो माझ्यापेक्षा चांगले लावतो. पखवाज भजनी मंडळाला. ओल्या हवेत त्याच्या पुडीवरची शाई सांभाळावी. बँकेत असेल ते सावळीचे.

५. आता मुख्य गोष्ट. सावळीची प्रयोगशाळा ज्या संस्थेत आहे तिची मुंबईची इमारत फाल्गुनात रिकामी होणार आहे. सहा वर्षे रचलेली मांडणी तेव्हा सुटेल आणि दुसरीकडे जमायला पुन्हा वर्षे जातील. सगळे सुरात आले आहे ते आत्ता, याच थंडीत. लेझर बंद केला की पखवाजासारखा सुरातून उतरतो, पुन्हा लावायला आठवडे लागतात. आणि नेमके माझे ऑपरेशन याच थंडीत. सावळीने मला न सांगता प्रयोग थांबवायचे ठरवले होते. तिची विद्यार्थिनी कुणाली हिने फोनवर रडत मला कळवले.

म्हणून लिहितो. मी परत आलो नाही तर सुतक शेखरने पाळावे. दहावा, तेरावा त्याने करावा. सावळीला बसवून ठेवू नये, लेझर बंद पडू देऊ नये. मी माळकरी आहे, विधी मोडा असे सहज लिहीत नाही. पण ती त्या काळोख्या खोलीत जे करते ते मला पूजेपेक्षा वेगळे वाटत नाही, आणि चालू पूजेतून कोणाला उठवू नये. ही अट नाही, विनंती आहे.

हा मजकूर काल रात्री जेवताना तिला वाचून दाखवला. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "सुतक तुमी कोन वाटून देनार? तुमी नसाल तर मी रडीन, बसीन, मला वाटंल तेवढं बसीन."

मी विचारले, "आणि प्रयोग?"

"तवर कुणाली बघंल. लेझर बंद होनार नाय."

तेव्हा कलम पाचमधला सुतकाचा भाग मी मागे घेतो. तो खोडलेला नाही, पण कोणी पाळू नये. लेझरचा तेवढा कायम आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझे मित्र धम्मपाल गायकवाड यांनी करावे. मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : शेणवा
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार : कमळाकर नामा विशे (सही)

साक्षीदार :
१. धम्मपाल गायकवाड, शिक्षक, शहापूर (सही)
२. प्रणित फर्डे, भजनी मंडळ, शेणवा (सही)